तीन जोड माइक आणि एक शुक्रवार

३ मार्च २०१९, रविवार

प्रिय सेल्मो,

कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि मला पैसेही नकोत. हे आधी सांगतो, म्हणजे माझं नाव पाहून पत्र पुसून टाकायच्या आधी तू एवढं तरी वाचशील. तुझा ईमेलचा पत्ता कराओकेवाल्या तोल्दोच्या मेहुणीकडून मिळाला. मकावला तू ज्या हॉटेलात पियानो वाजवतोस तिथेच ती खोल्या आवरते. म्हणाली, लिफ्टमध्ये भेटलात की तुम्ही दोघं आपल्या भाषेत बोलता. ऐकून बरं वाटलं.

काम असं आहे. कॉन्व्हेंटच्या हॉलमधला ग्रँड पियानो रेकॉर्ड करायचा आहे. चर्चसाठीच, असं समज. पियानो तोच, सिस्टर आदेलांचा. त्याच्या पोटात अजून पंचवीस वॅटचा दिवा जळता ठेवतो, दमट हवेने हातोड्यांची लोकर फुगू नये म्हणून. सूर मीच लावतो. वरच्या दोन सप्तकांत पूर्वीपेक्षा हात बरा बसलाय, खालच्यात होता तेवढाच.

माइकच्या तीन जोड्या जमवल्या आहेत, तिन्ही स्वस्तातल्या. एक तोल्दोच्या कराओकेची. तिच्या जाळीला सगळ्या गावाच्या लिपस्टिकचा वास येतो. दुसरी बोटाएवढी बारीक, चंदेरी, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडून उसनी आणलेली. तिसरी जाड, काळी, टागबिलारानच्या एका बंद पडलेल्या रेडिओ केंद्रातली. एकच तुकडा तीन वेळा वाजवून घेतला, प्रत्येक जोडीवर एकदा. सोबत एक, दोन, तीन असे पाठवतो. कोणता कशावरचा ते सांगत नाही. मला एक आवडला आहे, पण ती जोडी मीच निवडून आणली, म्हणून माझ्या कानांवर माझा भरवसा नाही. तुझ्या कानांवर आहे.

वाजवणारी गावातलीच एक मुलगी आहे.

तुझा भाऊ,
युस्ताकियो

९ मार्च, शनिवार

प्रिय सेल्मो,

तुझं उत्तर आलं. वर थोरल्या भावाला म्हणायचं ‘मानोय’ नाही, खाली नाव नाही, पण आलं. पॅरिशच्या ऑफिसात उभ्याउभ्याच वाचलं. ‘पहिला रांजणात बसलाय. दुसरा ताटावर चमचा मारतोय. तिसरा बरा, पण तो बाकी दोघांहून मोठाही आहे, आणि मोठा आवाज सगळ्यांनाच बरा वाटतो. शिवाय मुलगी तीन वेळा तीन तऱ्हांनी वाजवतेय. तू माइक तोलत नाहीयेस, मुलीचं मन तोलतोयस. सगळे एकाच वेळी लाव. आवाज आधी सारखे कर.’

बरोबर आहे. मला हे सुचायला हवं होतं. सूर लावताना मी कधी एक तार आज आणि दुसरी उद्या ऐकत नाही.

बँडवाल्यांकडून आठ भोकांचा मिक्सर आणला. बांबूचे स्टँड केले. सहाही माइक एकदम लावले, मधला एकच सूर धरून सगळ्यांचा आवाज समान केला. मग जे ऐकलं त्याने मी जरा ओशाळलो. मला आवडलेली जाड काळी जोडी सारखी नाहीच. डावा माइक तेज, उजवा म्हातारा. पियानो एका बाजूला कललेल्या होडीसारखा वाटतो. आणि ते चमच्यासारखे वाजणारे चंदेरी माइक हातोड्यांपासून काढून पियानोच्या वळणापाशी नेले, हातभर लांब, एकमेकांपासून वीतभर, तोंडं जराशी बाहेर वळवून, तर ताट गेलं आणि लाकूड ऐकू आलं. सगळ्यांत स्वस्त जोडी, सेल्मो. तार, लाकूड, आणि सूर संपल्यावर मागे राहतं ते, सगळं.

पण खरोखरच सगळं. पोटातला दिवा गुणगुणतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, तो विझवला. रस्त्यावरच्या ट्रायसिकल रिक्षा विझवता येत नाहीत. तोल्दोचा कोंबडा असा ऐकू येतो की जणू तो पियानोच्या झाकणावरच बसलाय. कराओकेच्या माइकला यातलं काहीच ऐकू येत नाही. नाकासमोर असेल तेवढंच त्यांचं जग. पण मग हळू वाजवलेलं सगळं हरवतं.

मुलीचं मन तुला ऐकू आलं म्हणून विचारतो. कशी वाजवते?

युस्ताकियो

१४ मार्च, गुरुवार

प्रिय सेल्मो,

‘उजवा हात चांगला. डावा अंगठा जड. वाक्य संपलं की मनगट उचलते, ही सिस्टर आदेलांची सवय. कोण आहे ती?’

ती बेबा आहे. माझी मुलगी. तू तिला आपल्या आईच्या मयताला पाहिलं होतंस, सहा वर्षांची होती. तू पलीकडच्या बाकावर बसला होतास आणि ती सारखी मान वळवून तुझ्याकडे बघत होती. सिस्टर आदेलांनी शेवटची चार वर्षं तिला शिकवलं.

चर्चसाठी म्हटलं ते खोटं होतं. मनिलाच्या संगीत महाविद्यालयासाठी हवं आहे. एक संथ तुकडा, एक जलद. खऱ्या ग्रँड पियानोवर, सलग, मध्ये कुठेही जोड नको. २२ एप्रिलला दुपारी बाराच्या आत पोचलं पाहिजे. ऐकून निवडतात, निवडलं तरच समोर बोलावतात. मागच्या वर्षी चारशेतून बारा घेतले. वयाची अट अशी की तिला ही एकच संधी आहे.

मी लपवलं, कारण मला वाटलं माझ्या मुलीसाठी तू कान लावणार नाहीस. आणि नसतास लावला, तर मला तुला बोल लावता आला नसता.

युस्ताकियो

२ एप्रिल, मंगळवार

प्रिय सेल्मो,

एकोणीस दिवस झाले. उत्तर मागत नाही. तू वाचतोस असं धरून इकडचं लिहितो.

चंदेरी जोडीच ठरली. आता फक्त गाव गप्प करायचं उरलं आहे. पहाटे तीनपासून कोंबडे, चारला मोटरच्या होड्या, सहाला ट्रायसिकल, सातला शाळा, दुपारी बास्केटबॉल, संध्याकाळी कराओके, आणि कराओके दमला की छतातली पाल सुरू होते. रविवारी चर्चमध्ये मिसेची प्रार्थना, आणि मिसा सुटली की कोंबड्यांची झुंज.

तोल्दोकडे गेलो. म्हटलं, दोनच तास कोंबडे दुसरीकडे ने.

“मानोय टाक्यो, अकरा आहेत. त्यांना काय सांगू? बेबाची परीक्षा आहे, गप बसा?”

“टोपलीखाली झाक.”

“झाकलं की त्यांना वाटतं रात्र झाली. काढलं की वाटतं सकाळ झाली, मग दुप्पट बोंबलतात. त्यापेक्षा तुझ्या माइकला सांग ना कान झाकायला!”

“त्याला झाकता आले असते तर तुझ्या दारात आलो असतो का?”

“माझे माइक बघ. कोंबडा ऐकूच येत नाही त्यांना. गाणाराही धड ऐकू येत नाही, म्हणून तर आपल्या गावात सगळेच गवई.”

एवढं बोलला, पण शनिवारी बिचाऱ्याने खरंच अकराही कोंबडे भावाच्या शेतावर नेले. शाळेला सुट्टी होती. बास्केटबॉलवाल्यांना मी शीतपेयं पाजून समुद्रावर धाडलं होतं. बेबाने संथ तुकडा घेतला. इतका चांगला तिने तो कधी वाजवला नव्हता. शेवटचं पान उरलं असताना आइस्क्रीमवाला घंटा हलवत आला आणि नेमका आमच्या खिडकीखाली थांबला. बेबाने हात मांडीवर घेतले आणि हसायला लागली. मग रडायला लागली.

नंतर म्हणाली, “तातय, कराओकेच्याच माइकवर घेऊ या. नाही निवडलं तर माइकचा दोष म्हणता येईल.”

हे ऐकून मी घाबरलो. सतराव्या वर्षी माणसाला निमित्त सापडलं की ते त्याला जन्मभर पुरतं. पियानोचं झाकण पुसत बसलो.

युस्ताकियो

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

प्रिय सेल्मो,

आज मिसेनंतर एक कागद घेतला आणि २२ तारखेपर्यंतच्या दिवसांचे चौकोन आखले. ज्या दिवशी गोंगाट, त्यावर फुली. फुल्या मारत गेलो. एकच चौकोन कोरा राहिला. गुड फ्रायडे.

त्या दिवशी ट्रायसिकल निघत नाहीत, होड्या वाळूवर असतात, दुकानं बंद, कराओके बंद, चेंडू बंद. पोरांना खेळायला नाही, बायकांना धुणं आपटायला नाही. चर्चची घंटासुद्धा मुकी. तिच्याऐवजी लाकडी खटखट्या फिरवतो, तोही मीच. वर्षातून एकदा आपलं गाव असं होतं की हळू वाजवलेला सूर शेवटपर्यंत जाऊ शकतो.

त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत बसलो, आणि मग मला तू दिसलास.

१९९७. तू बावीस वर्षांचा होतास. सेबूहून उसना आणलेला एकच माइक हॉलच्या तुळईला दोरीने टांगत होतास, खुर्चीवर उभा राहून. मी विचारलं, “आज?” तू म्हणालास, “आजच.” मला त्यात उर्मटपणा ऐकू आला. सगळं गाव उपाशी, देव क्रुसावर, आणि माझा भाऊ त्याच दिवशी पियानो बडवणार. मी झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मेलेल्या प्रभूची पालखी उचलायला गेलो. मिरवणूक संपेपर्यंत किल्ली माझ्या खिशात होती. माइक शनिवारच्या बोटीने परत गेला. संगीत महाविद्यालयाला पाठवायची तुझी कॅसेट कधी झालीच नाही. मेमध्ये तू बोटीवरच्या बँडमध्ये लागलास.

‘आजच का’ असं मी विचारलंच नाही. तुला शांतता हवी होती. तू आमच्या सगळ्यांपेक्षा आधी मोजून ठेवलं होतंस की ती फक्त त्याच दिवशी मिळते. हे कळायला मला बावीस वर्षं आणि तीन जोड माइक लागले.

अजून एक आहे, ते तुला माहीत नाही. आईने विचारलं होतं, सेल्मोने कॅसेट का नाही पाठवली. मी सांगितलं, त्याची तयारी झाली नव्हती. ती तेच खरं धरून गेली. तुला ती पत्रांतून ‘मन लावून सराव कर’ असं लिहायची ना, ते त्यामुळे.

माफी मागायला शब्द जुळवत होतो, पण जुळलेले सगळे मला सोपे वाटले. म्हणून जे केलं तेवढंच लिहिलं आहे.

युस्ताकियो

१८ एप्रिल, पवित्र गुरुवार

प्रिय सेल्मो,

तू विचारतोस, ‘शांततेसाठी हवाय असं तेव्हा सांगितलं असतं, तर उघडून दिला असतास?’

नाही. नसता दिला. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि देवाची बाजू मीच सांभाळतो असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही. त्याला माझ्या कुलपाची गरज नव्हती.

आज फादर माकारियोंकडे गेलो. संध्याकाळच्या विधीला बारा जणांचे पाय धुवायचे होते म्हणून ते टॉवेल मोजत होते. सगळं सांगितलं, तुझंही.

“टाक्यो, तुला परवानगी हवी आहे, की माझ्या गळ्यात मारायचं आहे?”

“दोन्ही, फादर.”

“मग दोन्ही मिळणार नाही. मी हो म्हणत नाही, नको म्हणत नाही. उद्या दहा ते बारा मी लोकांची पापं ऐकायला बसतो. तेव्हा मला दुसरं काही ऐकू येत नाही.” मग टॉवेल पुन्हा पहिल्यापासून मोजत म्हणाले, “तीनच्या उपासनेच्या आत आटोपा. आणि गाथा गाणाऱ्या बायकांच्या पुढारी नांग सबिनाला मी काही सांगणार नाहीये. मला भीती वाटते तिची.”

बेबाला विचारलं. ती म्हणाली, “तातय, लोक नावं ठेवतील.” मी म्हटलं, तुला नाही, मला ठेवतील. तेव्हा म्हणाली, “वरचा एक सूर उतरलाय. आज लावून ठेवा.” तो लावून आलोय.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस ते मी बेबाला वाचून दाखवलं. ‘बाक कुरकुरतं, पायांखाली ओलं फडकं घाल. झाकण पूर्ण उघड. चंदेरी जोडी अजून वीतभर मागे घे. खोली शांत असेल तर खोलीलाही वाजू दे.’ तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, “काका असंच बोलतात का?” मी म्हटलं, मला आता माहीत नाही.

आज प्रार्थनेला बसल्यावर म्हटलं, प्रभू, ही शांतता तुझ्यासाठी पाळलेली आहे. त्यातले दोन तास मी मागून घेतोय. देवाने उत्तर दिलं असं म्हणणार नाही. पण झोप लागेल असं वाटतंय.

युस्ताकियो

२२ एप्रिल, सोमवार

प्रिय सेल्मो,

आम्ही दोघं ऑफिसात बसलोय. फाइल वर चढतेय, रेघ अर्ध्याच्या थोडी पुढे आहे. घड्याळात पावणेअकरा. तेवढ्यात शुक्रवारचं लिहितो. शनिवारी दोन्ही रेकॉर्डिंग तुला नुसतीच पाठवली, काही न सांगता, कारण तुला माझी बाजू कळायच्या आधी तिचं वाजवणं ऐकू यावं असं वाटत होतं.

सव्वादहाला बेबा बाकावर बसली. मी माइक चालू करून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं, कारण मी आत असलो की ती माझ्याकडे बघते. गाव असं होतं की नारळाची झावळी पडली ती मला तीन घरं पलीकडून ऐकू आली. तिने संथ तुकडा धरला. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

सातेक मिनिटांनी नांग सबिना आली. मागे दुःखसहनाची गाथा गाणाऱ्या चार बायका, हातात पोथ्या. त्या चर्चकडे निघाल्या होत्या.

“टाक्यो, आत पियानो वाजतोय?”

“हो, नांग.”

“आज?”

“आजच. हळू बोला, माइक लावलेत.”

सेल्मो, पन्नास वर्षं चर्चमध्ये काढलेली बाई. ‘हळू बोला’ म्हटल्यावर तिचा आवाज आपोआप खाली गेला. मग तिने मला सगळं काही सुनावलं, पण कुजबुजत. “लाज नाही वाटत? प्रभू मेलाय आज. सेवक म्हणवतोस स्वतःला. पोरीला पुढे करतोस.”

“पोरीचा काही दोष नाही. मी सांगितलं म्हणून ती बसली.”

“तुझी आई असती तर तुला दारात उभं केलं नसतं. तिच्या सेल्मोने पण हेच मांडलं होतं, तेव्हा तू कसा शहाण्यासारखा—”

“नांग, आईला मी खोटं सांगितलं होतं. सेल्मोची तयारी पूर्ण झाली होती. मीच कुलूप लावलं. तो नालायक ठरला तो माझ्यामुळे.”

तिने मागच्या बायकांकडे पाहिलं. त्या पोथीत बघत होत्या. आत बेबा शेवटच्या पानावर आली होती, जिथे सूर इतका बारीक होतो की मी आजवर तो फक्त सूर लावताना, तारेला कान चिकटवून ऐकला आहे. तो दाराबाहेर आला. नांग सबिना पायरीवर बसली. बाकीच्याही बसल्या. जलद तुकडा संपेपर्यंत कुणी हललं नाही.

मग नांग उठली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, “चांगली वाजवते. पालखीला मात्र तू खांदा लावायचा नाहीस.”

संध्याकाळी माझ्या जागी तिचा जावई होता. सव्वीस वर्षांनी मी पालखीच्या मागून, लोकांबरोबर मेणबत्ती घेऊन चाललो. मागून चाललं की प्रभूचा चेहरा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. खांद्यावर असताना कधी दिसला नाही.

त्या बायका गेल्यावर बेबाने सगळं पुन्हा एकदा वाजवलं. तेच दुसरं रेकॉर्डिंग. त्यात कुणाचाही आवाज नाही, एकही स्वर घसरलेला नाही. पहिल्यात आठव्या मिनिटाला आमची कुजबुज आहे. शब्द कळत नाहीत, पण आहे. दुसरंच पाठवावं असं मी धरून होतो. काल तुझं उत्तर आलं. ‘पहिलं. दुसऱ्यात ती चुका टाळतेय, पहिल्यात वाजवतेय. बाईंची कुजबुज राहू दे, माइकनी आपलं काम केलं. मनिलावाले विचारतील तर सांग, गावात गुड फ्रायडे होता.’ मी बेबाला विचारलं. ती म्हणाली, “काका म्हणतात ते.” नंतर म्हणाली, “मला पण तेच वाटत होतं, पण तुम्ही किती खपलात म्हणून बोलले नाही.”

निवडतील की नाही, देव जाणे. पण आता तिच्याकडे निमित्त नाही. जे तिचं आहे तेवढंच गेलं.

रेघ टोकाला पोचली. मनिलाची पोच आली, अकरा वाजून बारा मिनिटं. बेबाने टेबलावर हात आपटला, मग माझ्या पाठीत एक.

तुझ्या पत्रात खाली पहिल्यांदा नाव होतं. आणि एक ओळ, ‘मुलीचा नंबर पाठव.’ माझा मागितला नाहीस. तो कालच पाठवला आहे, तिला विचारून.

आत्ता तिचा फोन वाजला. नंबर बघून तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर अंगणात गेली. खिडकी उघडी आहे, बोलणं इथपर्यंत येईल. मी ती लावून घेतो.

युस्ताकियो